जोडणी अबाधित आहे

त्रिनगर अभिलेख संधारण मंडळाच्या अंबरनाथ पूर्व येथील मुख्य कार्यालयातून दर तासाला एक अहवाल निघतो. अहवाल एका ओळीचा असतो: 'आज दिनांक अमुक, तमुक वाजता, साठवणपेटीशी असलेली जोडणी अबाधित आहे.' खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. दिवसाला असे आठ अहवाल. दीड ते दोन या जेवणाच्या सुट्टीतही जोडणी अबाधित राहते, असे मंडळाने एका ठरावाने मान्य केले आहे, कारण त्या वेळात ती पाहायला कोणी नसते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या जुन्या घरांच्या नोंदी पूर्वी मंडळाकडे कागदावर होत्या. कागदांना कसर लागे, वाळवी लागे आणि अधूनमधून एखादा नागरिकही हात लावे. म्हणून सगळे कागद स्कॅन करून एका काळ्या पेटीत भरण्यात आले. पेटी आकाराने लाडवांच्या डब्याएवढी. मूळ कागद वजन करून रद्दीत दिले आणि त्यांच्या पुड्यांतून उल्हासनगरात वर्षभर शेव विकली गेली. पेटी ठेवली उल्हासनगर कॅम्प एकमध्ये, एका कापडदुकानाच्या माडीवर. ती खोली मंडळाने बारा वर्षांपासून भाड्याने घेतली होती आणि तिच्यात ठेवायला काहीतरी हवेच होते. तारेने ती पेटी अंबरनाथच्या संगणकाला जोडली. अंबरनाथला बसून नोंद उघडायची, छापायची आणि शिक्का मारून अर्जदाराच्या हातात द्यायची, अशी ही सोय.

सोय झाली म्हटल्यावर तिच्यावर देखरेख आली, देखरेखीसाठी पद आले आणि त्या पदावर कुमुदिनी खोपकर आल्या.

त्यांची निवड नियमानुसारच झाली. जोडणी पाहायची ती एका काळ्या पडद्यावर. तिथे माऊस चालत नाही, चित्रे नसतात, आज्ञा टंकित करावी लागते. उपसंचालक चिंतामणी केळशीकर यांनी विचारले, "टंकित म्हणजे टायपिंगच ना?" मग प्रश्न मिटला. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही प्रमाणपत्रे असलेल्या कुमुदिनीबाई एकट्याच होत्या. वय छप्पन्न. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कागदावर एकही खाडाखोड नव्हती आणि हे त्या अधूनमधून सांगतही असत.

मंडळाचे कंत्राटी अभियंता प्रमोद यांनी त्यांना पहिली आज्ञा शिकवली. प्रमोद बदलापूरचे, पंचेचाळिशीतले. कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपत असल्यामुळे ते कुठलेही वाक्य पूर्ण करू शकत नसत, कोणीतरी मध्येच तोडायचे.

"मॅडम, ही आज्ञा पेटीला हाक मारते," त्यांनी सांगितले. "पेटी ओ देते. किती वेळात दिली, कोण काय उघडून बसलंय, सगळं दिसतं."

पहिल्या आठवड्यात सगळे दिसले आणि तिथेच घोळ झाला. केळशीकर साहेबांनी अहवाल डोळ्यांजवळ धरला.

"मंगळवारी हा आकडा चार होता. बुधवारी एकोणीस कसा?"

"बुधवारी लोक जास्त आले सर. एकोणीस नोंदी उघडल्या."

"म्हणजे लोकांमुळे पेटीवर ताण येतो."

"पेटी त्यासाठीच आहे ना सर, लोकांना—"

"प्रमोद, पेटी जतन करण्यासाठी आहे. एकोणीस आकडा वर गेला तर वरचे मला विचारणार, हे कसलं जतन."

त्याच दिवशी दोन निर्णय झाले. पहिला, निरीक्षणाच्या वेळात कोणीही नोंद उघडू नये. निरीक्षणाची वेळ सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाच. दुसरा, आकडे बदलणार नाहीत अशी एखादी आज्ञा शोधावी.

"तशी आहे सर," प्रमोद म्हणाले. "माउंट म्हणून आहे. काय काय जोडलंय त्याची नुसती यादी वाचून दाखवते. पण ती पेटीला विचारत नाही, ती फक्त—"

"आकडे बदलतात का?"

"आकडेच नाहीत त्यात."

"मग हीच."

तेव्हापासून कुमुदिनीबाई दर तासाला इंग्रजीत पाच अक्षरे टंकित करीत. एंटर दाबले की एक ओळ उमटे. कालची आणि आजची ओळ एकच, सकाळची आणि संध्याकाळची एकच. त्या ती शेवटच्या कंसापर्यंत वाचत, चष्मा पुसत आणि अहवालावर सही करीत. आज्ञेची चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट करून घेतली. संगणक कधीच बंद करू नये असा आदेश निघाला आणि त्याला स्वतंत्र इन्व्हर्टर मिळाला. पंख्याला मात्र मिळाला नाही, त्यामुळे वीज गेली की कुमुदिनीबाई घामाघूम होत आणि संगणक शांतपणे चालत राही.

अहवालाची एक प्रत बाहेरच्या फलकावर लागू लागली. नोंद मिळत नाही म्हणून आलेला माणूस फलक वाचायचा. साठवणपेटी, जोडणी, अबाधित. तीन शब्दांत त्याला बरे वाटायचे. कोणी मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा, तिकडून हात जोडल्याची चित्रे यायची आणि माणूस घरी जायचा. मंडळाकडे येणाऱ्या तक्रारी निम्म्यावर आल्या. मंडळाला 'अखंड जोडणी' चषक मिळाला. दुसऱ्या जिल्ह्यांतून शिष्टमंडळे ती ओळ पाहायला येऊ लागली. त्यांना आधी चहा, मग समोसा आणि शेवटी ओळ, असा क्रम ठरला.

विठा भोईर आली ती या सगळ्याच्या मध्ये, देवदिवाळीच्या सुमारास.

विठाचे घर चिखलोलीत. तिथे नवे स्टेशन होणार म्हणून रस्ता आखला होता आणि तो रस्ता तिच्या ओटीवरून जात होता. ज्यांच्याकडे घराची जुनी नोंद होती त्यांना नव्या इमारतीत खोली मिळणार होती. ज्यांच्याकडे नव्हती त्यांचे घर अतिक्रमण ठरणार होते. विठाच्या सासऱ्यांनी एकोणऐंशी साली नोंद करून घेतलेली. घरची प्रत वाळवीने खाल्ली आणि मंडळाची पेटीत गेली. मुदत होती तीस जानेवारीची.

"ताई, तुमचा ह्यो कागुद भाईर लावलाय," विठा खिडकीत म्हणाली, "त्याच्यात माजं घर हाय का?"

"नाही हो. त्यात जोडणी आहे."

"मंग घर कशात हाय?"

"पेटीत."

"मंग पेटी उघडा."

कुमुदिनीबाईंनी तिला निरीक्षणाची वेळ समजावून सांगितली. विठाने ती नीट ऐकून घेतली आणि पुढच्या आठवड्यात परत आली. मग परत आली. सगळे लोक फलक वाचून समाधानाने जात, आणि ही बाई भाजीची रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसून राही. डिसेंबरात ती पाच वेळा आली. जानेवारीत तिने मोजणे सोडून दिले.

"मना जोडनी नको," ती प्रत्येक वेळी तेवढेच म्हणे. "मना कागुद पायजे."

अठ्ठावीस जानेवारीला कुमुदिनीबाईंना जेवण गेले नाही. त्या काही वाईट नव्हत्या, फक्त फार व्यवस्थित होत्या. आदेश आणि जेवणाच्या सुट्टीचा ठराव पुन्हा वाचताना त्यांच्या लक्षात आले की दीड ते दोन या वेळात निरीक्षणच नसते, म्हणजे नोंद उघडायला बंदीही नसते. त्यांनी प्रमोदना बोलावले. एक पस्तीसला प्रमोदनी विठाची नोंद उघडायला घेतली. पडद्यावरचे चक्र फिरू लागले आणि पावणेदोनपर्यंत फिरतच राहिले.

प्रमोदनी जुनी, पहिली आज्ञा दिली. "हाक मारतोय मॅडम. ओ येत नाही."

"असं कसं?" कुमुदिनीबाईंनी पाच अक्षरे टंकित केली. ओळ उमटली, कंसासकट. "ही बघा. आहे की."

"मॅडम, तेच मी त्या दिवशी सांगत होतो. ही आज्ञा म्हणजे लग्नाचं सर्टिफिकेट. लग्न झालंय एवढं सांगते. नवरा घरी आहे का, ते नाही सांगत."

इतक्या महिन्यांत हे त्यांचे पहिले पूर्ण झालेले वाक्य असावे.

"कधीपासून घरी नाही?"

प्रमोदनी शोधले. पेटीने शेवटची ओ दिली होती खंडेनवमीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. कुमुदिनीबाईंनी टेबलावरचे कॅलेंडर उलटे चाळले. कामाचे सत्तर दिवस, दिवसाला आठ. पाचशे साठ वेळा त्यांनी चष्मा पुसून सही केली होती. त्यांना लाज वाटली. फलकासमोर उभे राहून हात जोडून गेलेली माणसे त्यांना एकेक करून आठवली आणि मग जास्त लाज वाटली.

दोन वाजता त्या साहेबांकडे गेल्या.

"अहवाल काय म्हणतो?" साहेबांनी विचारले.

"अबाधित."

"सही कोणाची?"

"माझी."

"मग खोपकर बाई, तुमचा तुमच्याच सहीवर विश्वास नाही, असं मी समजू का?"

कुमुदिनीबाई जागेवर आल्या. अहवालाचा मजकूर आता छापूनच येत असे, दहा हजार फॉर्म छापून घेतले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा छापील ओळीवर काट मारली, 'अबाधित नाही' असे लिहिले आणि सही केली. वीस मिनिटांत जावक विभागाने फॉर्म परत पाठवला. शेरा होता: 'छापील मजकुरात खाडाखोड मान्य नाही.'

साहेबांनी त्यांना पुन्हा बोलावले. या वेळी ते मऊ होते. "अहो, मी काय नुसत्या तुमच्या ओळीवर विसंबून आहे? कॅम्प एकला आपला शंकर शिपाई आहे. रोज पेटीचा फोटो पाठवतो. हा बघा आजचा."

फोटोत अंधारात नुसते दिवे चमकत होते. लाल, हिरवे, पिवळे, भरपूर.

कुमुदिनीबाईंनी बाहेर येऊन प्रमोदना विचारले, "पेटीला दिवे किती?"

"दोन. एक निळा, एक हिरवा."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकोणतीसला, त्यांनी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि पाटीवर बसलेल्या विठाला म्हणाल्या, "उठा. पेटी बघायला जाऊ."

रिक्षाने दोघी कॅम्प एकला पोचल्या तेव्हा एक वाजून गेला होता. कापडदुकानाच्या मागच्या अरुंद जिन्याने त्या माडीवर चढल्या. शंकरने दार उघडले. खोलीच्या मधोमध पाटावर साठवणपेटी होती. तिच्या डोक्यावर हळदीकुंकू, गळ्यात झेंडूचा हार, वाळून तपकिरी झालेला. पुढे एक नारळ. आणि पेटीभोवती तीन वेढे घातलेली रंगीत दिव्यांची माळ, अखंड लुकलुकत. भिंतीवर प्लग एकच होता आणि तो माळेला दिलेला होता. पेटीची वायर गुंडाळून, कुंकू लावून, पाटावर व्यवस्थित ठेवली होती.

"शंकर, हे काय आहे?"

"पूजा आहे मॅडम. खंडेनवमीला साहेबांचा फोन आला, यंत्राची पूजा करा, फोटो पाठवा. चालू यंत्राची पूजा करत नाय ना कोणी, म्हणून बंद केलं. इकडे पॉइंट एकच. खालच्या दुकानाच्या सेठने वरती लाइन दिली तीच मेहेरबानी. मग तिकडे माळ लावली. साधी पूजा फोटोत दिसत नाय."

"पण नंतर परत का नाही लावलं?"

शंकरने मोबाइल पुढे केला. फोटोखाली साहेबांचा संदेश होता: 'उत्तम. असेच ठेवा.'

"लेखी आहे मॅडम," शंकर म्हणाला. "मी रोज असंच ठेवतो. एक दिवस मला ताप होता, तरी येऊन माळ बघून गेलो."

रागवायचे कोणावर, हे कुमुदिनीबाईंना कळेना. खोलीत चूक करणारा माणूसच सापडत नव्हता. प्रत्येकाने सांगितले ते केले होते आणि त्यांनी स्वतः तर सगळ्यांत नीट केले होते. त्या विचार करीत उभ्या राहिल्या, तोवर विठाने पदर खोचला, माळेची पिन काढली आणि पेटीची लावली.

पेटी घरघरली. आतल्या पंख्याच्या वाऱ्याने हाराचा चुरा उडून विठाच्या पायांवर पडला. एक निळा दिवा लागला, मग हिरवा.

एक चाळीसला अंबरनाथहून प्रमोदचा फोन आला. "मॅडम, ओ आली."

"चिखलोली, भोईर, एकोणऐंशी."

पलीकडे कळा वाजल्या. मग प्रिंटरचा आवाज आला. "निघाली मॅडम. ओटी, पडवी, दोन खण, गोठा. सासऱ्यांचा अंगठा आहे." कुमुदिनीबाईंनी ते शब्द तसेच विठाला सांगितले. गोठा ऐकून विठा खाली पाटासमोर बसली आणि पेटीकडे बघत राहिली. "गोठा त्यांनी स्वताच्या हातान बांदलेला," ती म्हणाली.

दोघी अंबरनाथला परतल्या तेव्हा साहेब स्वतः काळ्या पडद्यासमोर उभे होते. पेटीने ओ दिल्याबरोबर संगणकाने आपणहून दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या: पेटी उत्तर देत नव्हती, पेटी उत्तर देऊ लागली. शिष्टमंडळांना दाखवलेल्या ओळीखाली पहिल्यांदाच काहीतरी नवे उमटले होते.

"खोपकर बाई, जी जोडणी कधी तुटलीच नाही, ती तुम्ही जोडलीत," साहेब म्हणाले. "आता मंडळाच्या अभिलेखात विसंगती आली."

"साहेब, या बाईंना नोंदीची प्रत द्यायची आहे. उद्या मुदत आहे."

"द्या की. मी कुठं अडवतोय. फक्त नियमाप्रमाणे प्रतीला तुमचा दाखला जोडा." त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. चषक मिळाल्यापासून हा दाखला सक्तीचा झाला होता: 'सदर प्रत काढतेवेळी व त्यापूर्वीचे नव्वद दिवस साठवणपेटीशी असलेली जोडणी अबाधित होती.' खाली निरीक्षण लिपिकाची सही. "जोडणी तुटली होती म्हणालात तर मधल्या काळात पेटीत कोणी काय केलं कोणाला माहीत. प्रत संशयास्पद. अबाधित होती म्हणालात तर प्रत अस्सल. तुम्हाला जे खरं वाटतं ते लिहा. माझा दबाव नाही."

खिडकीबाहेर विठा उभी होती. मोबाइलवर तिच्या मुलाचा, कैलासचा, दुसऱ्यांदा फोन वाजत होता आणि ती तो घेत नव्हती. कुमुदिनीबाईंनी दाखला वाचला. पाचशे साठ सह्या त्यांनी न कळता केल्या होत्या. त्या सगळ्यांपेक्षा ही एक सही जड होती, कारण ही कळून करायची होती. खऱ्या कागदाला खोटी सही लागत होती, आणि ती त्यांच्याशिवाय कोणाची चालणार नव्हती.

त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखे आले.

"आता त्या दोन ओळींचं काय?" साहेबांनी विचारले.

प्रमोदनी खाली बघत आणखी एक आज्ञा सांगितली. तिचीही पाच अक्षरे होती. कुमुदिनीबाईंनी ती टंकित केली आणि पडदा स्वच्छ झाला.

विठाला खोली मिळाली. तिसऱ्या मजल्यावर, गोठा सोडून. तिने कुमुदिनीबाईंना वालाच्या शेंगा आणून दिल्या आणि विचारले, "आता कोनाचाबी कागुद मिलल ना ताई?" कुमुदिनीबाई हो म्हणाल्या आणि शेंगा पिशवीत भरू लागल्या.

पण तोवर शंकरला विचारणा झाली होती. एकोणतीसच्या दुपारच्या फोटोत निळा आणि हिरवा असे दोनच दिवे दिसत होते आणि ही घट का झाली, याचा खुलासा चोवीस तासांत मागवला होता. शंकरने खुलासा न देता माळ लावली. दोन यंत्रे एका वेळी चालतील असा एक्स्टेंशन बोर्ड घ्यावा, असा प्रस्ताव प्रमोदनी दिला आहे. तीनपैकी एक कोटेशन आले आहे. मधल्या काळात त्यांचे कंत्राट संपून पुन्हा सुरू झाले, त्यामुळे प्रस्तावही पहिल्यापासून सुरू झाला.

अहवाल दर तासाला निघतोच. फरक एवढाच की आता कुमुदिनीबाई जेवायला जात नाहीत. दीड ते दोन त्या खिडकीशी बसतात. शंकरशी त्यांचे बोलणे झाले आहे: मिस्ड कॉल दिला की माळेची पिन काढायची, पेटीची लावायची, दोनच्या आत परत माळ. मंडळाने स्वतःच ठराव करून ठेवला आहे की त्या अर्ध्या तासात कोणी काही पाहत नाही. छपाईसाठी कागद भरलेला असतो. फक्त खिडकीत येऊन कोणीतरी, विठासारखे, तो मागायला हवा. कुमुदिनीबाई आपणहून बोलावू शकत नाहीत, त्याला आदेश लागतो.

गेल्या गुरुवारी एक पस्तीसला तुम्हीही आला होतात. हातात पिशवी होती, जुन्या घराच्या नोंदीचे काम होते. कुमुदिनीबाईंनी तुम्हाला काचेतून पाहिले आणि मोबाइल हातात घेतला. तुम्ही फलकासमोर थांबलात, चष्मा वर करून अहवाल वाचलात आणि मान डोलावलीत. त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलात आणि खिडकीकडे न बघता समाधानाने घरी गेलात.